चौकोनावर गोल

चौरस खोलीवर गोल घुमट कसा बसवायचा? इराणमधल्या इस्फहान शहरातील जामे मशिदीत या प्रश्नाचे उत्तर विटांत पाहायला मिळते.

ही मशीद एकदम बांधलेली नाही. आठव्या शतकापासून हजारांहून अधिक वर्षे तिच्यात भर पडत गेली. मधल्या अंगणाच्या चार बाजूंना पुढून उघडी, उंच कमानीची चार दालने आहेत. त्यांना ऐवान म्हणतात. ही रचना बाराव्या शतकातली. दोन मुख्य घुमट मात्र त्याआधीचे. सेल्जुक सुलतान मलिकशाहाचा वजीर निजाम उल्मुल्क याने १०८६-८७ मध्ये दक्षिणेचा घुमट बांधवला. दोनच वर्षांनी त्याचा प्रतिस्पर्धी ताज उल्मुल्क याने उत्तरेला दुसरा उभारला. तो लहान, पण अधिक रेखीव आहे.

या उत्तर घुमटाचा व्यास सुमारे १० मीटर आहे. म्हणून आपण १० मीटर बाजूचा चौरस काढू आणि त्याच्या चारही बाजूंना आतून स्पर्श करणारे वर्तुळ काढू. वर्तुळ म्हणजे घुमटाची कड. कोपऱ्यात चौरसाचे टोक आणि ही कड यांत २०७ सेंमी अंतर राहते. तिथे कडेखाली आधारच नाही!

गवंड्यांनी चारही कोपऱ्यांत तिरक्या कमानी घातल्या. चौकोनाचा अष्टकोन झाला. आता अंतर उरले ४१ सेंमी. त्यावर सोळा लहान कमानी रचल्या, तेव्हा ते १० सेंमीवर आले. एवढे अंतर विटा थोड्या पुढे काढून सहज भरता येते.

हे भूमितीचे ज्ञान कोणाचे, गणितज्ञांचे की कारागिरांचे? बगदादचा गणितज्ञ अबुल वफा (९४०–९९८) याने खास कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. त्यात तो दोघांच्याही चुका दाखवतो: गणितज्ञांना हाताचा सराव नसतो आणि कारागिरांना सिद्धता ठाऊक नसते. आपल्या वर्गातही ही फारकत दिसते. सिद्धता फळ्यावर राहते आणि हात रिकामे.

१९८०च्या दशकात इराण-इराक युद्धात मशिदीच्या काही भागाची हानी झाली. तो पुन्हा बांधला गेला. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले.

वरील तीन अंतरे मुलांना आकृती काढून पडताळू द्या. मग बत्तीस बाजू घ्यायला सांगा. अंतर सुमारे अडीच सेंमी येईल. गवंडी सोळावरच का थांबला असेल, हेही त्यांना विचारा.