थोरली बहीण शाळेत का येत नाही?



भिवंडीचा धामणकर नाका तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गाव यंत्रमागांचे. आईबाप दोघेही कामावर गेले, म्हणजे धाकट्याला कोणी सांभाळायचे? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : थोरल्या मुलीने. मग भाऊ दप्तर घेऊन शाळेत जातो आणि बहीण कडेवर मूल घेऊन दारात उभी राहते. हे काही एकट्या भिवंडीचे नाही.

शिरगणतीचे आकडे पाहा. १९५१ साली आपल्या देशात शेकडा २७ पुरुष साक्षर होते आणि स्त्रिया अवघ्या ९. १९८१ साली पुरुष ५६ झाले, स्त्रिया ३०. साक्षरता वाढली खरी, पण अंतर १८ होते ते २६ च्या पुढे गेले! २०११ साली ते १६ वर आले. मिटले मात्र नाही.

असे का व्हावे? १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा दार उघडले. पण दार उघडले तरी कडेवरचे मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर जुन्या ठाणे जिल्ह्यातच सापडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. (ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) आदिवासी मुली शाळेत येईनात, कारण घरी धाकटी भावंडे. तेव्हा या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात! जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरुजीच कुरणात गेले.

यातला बोध साधा आहे. मुलीला नुसते ‘शाळेत ये’ म्हणून भागत नाही. तिच्या अंगावरचे काम कोणीतरी उचलावे लागते.

तेव्हा गुरुजी, हजेरीपटावर एखाद्या मुलीपुढे गैरहजेरी दिसली, तर तिला रागे भरू नका. तिच्या घरी जा आणि विचारा : धाकट्याला कोण सांभाळते? आणि गावकरी मंडळी, अंगणवाडी वेळेवर उघडते की नाही, एवढे तरी पाहा. ती बंद राहिली, तर थोरलीचीही शाळा बुडते.