चित्रपट वितरणातील मक्तेदारी आणि स्वतंत्र निर्माते

चित्रपट तयार होणे आणि तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निर्मात्याकडून प्रदर्शनाचे हक्क घेतो तो वितरक आणि चित्रपटगृह चालवतो तो प्रदर्शक. हे दोन्ही व्यवसाय मोजक्या हातांत एकवटले, की मोठ्या कंपनीचा आधार नसलेल्या निर्मात्याची कोंडी होते. त्याच्या चित्रपटावर कोणी बंदी घालत नाही. त्याला अडवते ते खेळांचे वेळापत्रक.

भारतातील वितरण परंपरेने प्रादेशिक ‘सर्किटां’त विभागलेले आहे. या नकाशात एकट्या महाराष्ट्राचे तीन तुकडे पडतात. मुंबईचे स्वतंत्र सर्किट, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये आणि मराठवाडा निझाममध्ये. निझामाचे राज्य जाऊन किती काळ लोटला, पण फिल्मी नकाशावर ते अजून शाबूत आहे! सर्किटाचा वितरक निर्मात्याला ठरावीक रकमेची हमी देई किंवा नुसत्या कमिशनवर चित्रपट लावून देई. या व्यवस्थेतही अन्याय होताच. १९७१मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये जागा मिळावी, यासाठी शिवसेनेला मध्ये पडावे लागले होते. मात्र तेव्हा भांडण एका चित्रपटगृहाच्या मालकाशी होते. एकाने दार लावले, तर दुसऱ्याचे ठोठावता येत असे.

मल्टिप्लेक्सच्या आगमनानंतर हे चित्र पालटले. राज्य सरकारने करमणूक करात सवलती दिल्या आणि शहरोशहरी बहुपडदा संकुले उभी राहिली. लहान आसनक्षमतेच्या पडद्यांमुळे वेगळ्या वाटेच्या चित्रपटांना हक्काची जागा मिळेल, असे तेव्हा सांगितले जात होते आणि काही काळ ते खरेही ठरले. पुढे साखळ्यांनी एकमेकींना गिळण्यास सुरुवात केली. आयनॉक्सने २०१०मध्ये फेम आणि २०१४मध्ये सत्यम सिनेप्लेक्सेस घेतली. पीव्हीआरने सिनेमॅक्स, डीटी सिनेमाज आणि २०१८मध्ये चेन्नईची एसपीआय सिनेमाज ताब्यात घेतली. मार्च २०२२मध्ये या दोन्ही कंपन्यांनी विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा त्यांच्याकडे मिळून १०९ शहरांत १,५४६ पडदे होते. फेब्रुवारी २०२३पासून ही एकच कंपनी झाली. पीव्हीआरचा स्वतःचा वितरण विभागही आहे, म्हणजे दुकानदारच घाऊक व्यापारी!

खेळांची वाटणी कशी होते, हे समजून घेतल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ उलगडत नाही. शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाला कोठे, किती आणि कोणत्या वेळचे खेळ द्यायचे, हे साखळीचा कार्यक्रम विभाग आदल्या एक-दोन दिवसांत ठरवतो. मोठा हिंदी चित्रपट समोर असेल, तर लहान चित्रपटाच्या वाट्याला सकाळचा किंवा भर दुपारचा खेळ येतो. त्या वेळी नोकरदार प्रेक्षक येत नाही. खुर्च्या रिकाम्या राहतात आणि त्याच रिकाम्या खुर्च्या सोमवारी चित्रपट उतरवण्याचे कारण ठरतात.

महसुलाच्या वाटणीचे सूत्रही याला पूरकच आहे. २००९मध्ये हिंदी निर्माते-वितरकांनी सुमारे दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट दिले नाहीत. समेट झाला तेव्हा वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. ज्या चित्रपटाची कमाई पहिल्या तीन दिवसांतच होते, त्याला हे सोयीचे. तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चढणाऱ्या चित्रपटाचा वाटा मात्र नेमका गर्दी वाढू लागते तेव्हाच घटतो.

मराठीला हा अनुभव वारंवार आला आहे. एप्रिल २०२३मध्ये ‘ख्वाडा’चे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांनी पुरेसे खेळ मिळत नसल्याने ‘टीडीएम’चे प्रदर्शन थांबवले आणि तो जूनमध्ये पुन्हा पडद्यावर आणला. दुसऱ्यांदा जाहिरात करायची, तर खर्चही दुसऱ्यांदा आलाच. सरकारी उपायांची धाव मर्यादित राहिली. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे मल्टिप्लेक्सना बंधनकारक केल्याचे जाहीर केले. टीकेनंतर ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी रुंदावण्यात आली. दुपारी बाराला ‘प्राइम टाइम’ म्हणणे हा शासकीय विनोदच म्हणायचा.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात सुटला होता. १९४८च्या पॅरामाऊंट खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नको असलेले चित्रपट हव्या असलेल्या चित्रपटांसोबत गळ्यात मारण्याची पद्धत बेकायदा ठरवली. त्यानंतर बड्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे वेगळी करावी लागली. त्या काळी पाच बड्या कंपन्यांचे हितसंबंध देशातील जेमतेम १७ टक्के चित्रपटगृहांत होते. पण एक लाखावर वस्तीच्या ९२ शहरांत पहिल्या प्रदर्शनाची किमान ७० टक्के चित्रपटगृहे बड्यांशी बांधलेली होती. एकूण टक्केवारी लहान दिसली, तरी मोक्याच्या जागा कोणाकडे आहेत हे महत्त्वाचे. ही बंधने २०२०मध्ये उठवण्यात आली.

भारतात तशीच तक्रार २०१२मध्ये स्पर्धा आयोगापुढे आली. ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीत ‘जब तक है जान’ही लावा, अशी अट यशराज फिल्म्सने घातल्याचा अजय देवगण यांच्या कंपनीचा आरोप होता. आयोगाने तो फेटाळला. एवढ्या मोठ्या नटाच्या कंपनीची ही गत, तर पहिलाच चित्रपट करणाऱ्याने आयोगाची पायरी चढावी कशी?

डिजिटल तंत्राने प्रिंटचा खर्च वाचवला, पण नवे नाके उभे केले. चित्रपटगृहांच्या डिजिटल यंत्रणेपोटी निर्मात्याकडून ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ घेतली जाते. एप्रिल २०२५मध्ये आयोगाने यूएफओ मूव्हीज आणि क्यूब या कंपन्यांना दंड केला. भाड्याने दिलेल्या यंत्रांवर इतरांकडून प्रक्रिया करून आणलेले चित्रपट चालू न देणाऱ्या अटी, हे त्याचे कारण होते.

पीव्हीआर-आयनॉक्स विलीनीकरण मात्र आयोगाच्या पूर्वपरवानगीविनाच पार पडले. कोविडकाळात चित्रपटगृहे बंद राहिल्याने उलाढाल घसरली होती आणि व्यवहार सवलतीच्या मर्यादेत बसला. कट्स या ग्राहक संस्थेची तक्रार आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये फेटाळली. संभाव्य दुष्परिणामांची आधीच चौकशी करता येत नाही, अशी आयोगाची भूमिका होती. उलाढाल कमी असली, तरी दोन हजार कोटींहून अधिक मूल्याचा व्यवहार आयोगापुढे आणणारी दुरुस्ती सप्टेंबर २०२४मध्ये लागू झाली. तोवर दोन साखळ्यांची एक होऊन दीड वर्ष उलटले होते.