अक्षयनीवी, मुजिन आणि भिशी

गरीब माणसाला बचत जमत नाही, ही समजूत सावकाराच्या सोयीची आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, दिली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपविली. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक, तर उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. राजकुलातील पुरुषाने संघाचे धन कष्टकरी विणकरांच्या हाती विश्वासाने ठेवले, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

हीच ‘अक्षय’ची कल्पना बौद्ध धम्माबरोबर चीनमध्ये गेली, तेथे तिला ‘वूजिन’ म्हणत. सातव्या शतकात चांगआन नगरीतील ह्वादू विहाराच्या अक्षयकोशातून लेखी कराराविना कर्ज मिळे आणि मुदत भरताच ते परत येई. कोशाचा एक वाटा भुकेल्यांसाठी राखलेला असे. इ. स. ७१३ मध्ये सम्राट श्वानझोंगने हा कोश बंद केला. दुसरीकडे, काही विहार स्वतःच जबर व्याजाचे सावकार बनले, हेही नमूद केले पाहिजे.

जपानमध्ये ‘वूजिन’चा उच्चार ‘मुजिन’ झाला आणि कामाकुरा काळापासून (११८५–१३३३) तेथे परस्पर-साहाय्याची मंडळे आढळतात. प्रत्येक सभासदाने ठरावीक वर्गणी द्यावयाची. जमलेली रक्कम चिठ्ठीने किंवा बोलीने पाळीपाळीने एकेकाला मिळावयाची. आरंभी रक्कम उचलणारा ऋणको, तर शेवटी उचलणारा धनको ठरतो. पुढे १९१५ च्या कायद्याने मुजिन कंपन्यांचे नियमन झाले आणि १९५१ नंतर बहुतेक कंपन्या परस्पर-साहाय्य बँका बनल्या. आपल्या चाळींतील भिशी याच रीतीने चालते. जावा बेटावरील अशाच मंडळांचा विचार करून क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये त्यांना शेतीप्रधान व्यवहाराकडून व्यापारी व्यवहाराकडे नेणारी मधली पायरी म्हटले.

या मंडळात कोणी कायमचा सावकार नसतो, कोणी कायमचा कर्जदार नसतो. मात्र त्याचे तारण ओळख हेच असते. म्हणून जातीच्या कुंपणापलीकडच्या माणसाला तेथे सहसा जागा मिळत नाही. ओळखीचे हे वर्तुळ मैत्रीने रुंदावणे, हेच धम्माचे काम होय.