‘क्रिएटिनिन नॉर्मल’ : तळटीप
मधुमेह्याची किडनी पुढे किती साथ देईल, हे लेखक या एकाच आकड्यावरून ठरवतात. नंदुरबारात तो चकवतो. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या हडकुळ्या माणसाचं ते किडनी थकल्यावरही ०.९ दिसू शकतं. बहुधा आधी बोलते ती लघवी : तीतलं अल्ब्युमिन दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तीन महिन्यांनी पुन्हा तसंच आलं, की सावध व्हावं. सिस्टॅटिन-सी स्नायूंवर फारसं विसंबत नाही, पण महाग. शिवाय इथल्या भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. त्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीएवनसी खोटंच कमी येतं (वरचा ‘साखर आटोक्यात’ हा शेराही मग संशयास्पदच), आणि अल्ब्युमिन मधुमेह नसतानाही झिरपू शकतं. — संपा.