दगडी शय्या, वर्षावास आणि ‘अंगवात’ : अजिंठा, लेणे क्र. १२ (थ्रेड)

१/ अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे चित्रांसाठी प्रसिद्ध नाही. इसवी सनापूर्वीच्या या विहारात १२ खोल्या असून प्रत्येक खोलीत कातळातच कोरलेल्या दोन शय्या आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एकाच ठिकाणी राहावे, असा संघाचा नियम होता. खाली वाघूर नदी, आत गार दगड आणि तासन्‌तास मांडी घालून बसणे. अशा जीवनात हातापायांचे काय होत असेल?

२/ पाली विनयपिटक ही अजिंठ्याची रोजनिशी नव्हे. पण भिक्षूंच्या दुखण्यांची नोंद त्यात तपशिलाने येते. महावग्गात पिलिन्दवच्छ या भिक्षूला ‘अंगवात’ झाल्याची कथा आहे. साध्या शेकाने गुण येईना, तेव्हा वनस्पतींची वाफ, मग ‘महासेद’, पाल्याचा काढा आणि अखेर गरम पाण्याचे टाके, अशी एकेक मुभा मिळत गेली. महासेदाची कृती अट्ठकथेत दिली आहे : पुरुषभर खड्डा निखाऱ्यांनी भरायचा, त्यावर माती-वाळू, तीवर वातहर पाने, मग अंगाला तेल लावून वर निजायचे आणि कूस बदलत घाम काढायचा. याच भिक्षूच्या पायांना भेगा पडल्या, तेव्हा पायांना तेल चोळण्याचीही परवानगी मिळाली.

३/ दक्षिणापथाचा उल्लेख तर थेट येतो. अवंती-दक्षिणापथातील काळी जमीन गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली. म्हणून सोण कुटिकण्णाच्या विनंतीवरून तेथे अनेक तळांच्या वहाणा चालू लागल्या.

४/ चुल्लवग्गात वैद्य जीवक वेगळाच रोग ओळखतो : वैशालीत भिक्षूंना पक्वान्ने मिळत होती! त्याने सुचवलेले उपाय दोन : चंक्रम, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची जागा, आणि जन्ताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह.

५/ ‘आपल्या पूर्वजांना रक्ताभिसरण ठाऊक होते’ असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ चा. ‘अंगवात’ ही संज्ञा निराळ्या शरीरकल्पनेतली, आणि तिच्यात सांधे व स्नायूंची दुखणीही सामावत असावीत. मात्र अनुभव खरा होता. चालताना पोटरीचे स्नायू शिरांतील रक्त हृदयाकडे ढकलतात आणि उबेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हे आज आपण जाणतो.

६/ जाता जाता : महासेद घरी करून पाहू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. चालताना पोटरी वारंवार दुखून थांबल्यावर बरी वाटत असेल, तर तंबाखू सोडून डॉक्टरांना दाखवावे. आणि एकच पाय अचानक थंड व पांढुरका पडला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.