खालापूरचा टोलनाका आणि कर्नलची वही

शनिवारी पुण्याहून गावी जायचं म्हणजे खालापूरचा टोलनाका आलाच. परवा बसच्या खिडकीतून केबिनची ती लांबलचक रांग बघताना डोक्यात एक खूळ आलं. गाड्या मोजायला सगळ्या केबिनमध्ये मिळून एकच वही असती तर? प्रत्येक गाडीमागे वही घेऊन इकडून तिकडे पळायचं! टोल घ्यायला पाच सेकंद आणि वहीची वाट बघण्यात दिवस.

लिनक्स कर्नलपुढे नेमका हाच प्रश्न होता.

कर्नल मेमरी वाटतो ती पानापानानं, एक पान साधारण ४ केबीचं. मोकळी पानं किती, डिस्कवर लिहायची राहिलेली किती, असे बरेच आकडे सतत बदलत असतात. प्रोसेसर एकच असेल तर आकड्यात एक मिळवला की झालं. अनेक असले की मात्र एकाने आकडा बदलल्यावर बाकीच्यांच्या कॅशमधली प्रत रद्द होते. म्हणजे वहीची पळवापळवी सुरू.

२००२ मध्ये, २.५ मालिकेत, अँड्र्यू मॉर्टन यांनी प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र वही दिली. लिहिणं स्वस्त झालं, पण बेरीज हवी असली की प्रत्येक केबिनचं दार ठोठवा! चार प्रोसेसरना ठीक आहे. एसजीआयच्या आल्टिक्स मशीनमध्ये ते शेकडो असायचे.

त्याच एसजीआयमधल्या क्रिस्टोफ लामेटर यांनी २००६ मध्ये हा हिशेब नव्याने लिहिला. तो २.६.१८ मध्ये आला. मेमरीच्या प्रत्येक झोनची एक मोठी वही, आणि प्रत्येक प्रोसेसरकडे फक्त एक चिटोरा. चिटोरा किती मोठा? एक बाइट! त्यात १२७ च्या वर मावतच नाही, म्हणून मर्यादा जास्तीत जास्त १२५. मर्यादा ओलांडली की मोठ्या वहीत जमा, शिवाय अधूनमधून चिटोरा रिकामा करायचा. वाचणाऱ्याने मोठी वही तेवढी बघायची. मला हे जाम आवडतं. आम्हाला कॉलेजात अचूक उत्तराचे मार्क मिळायचे, इथे किती चुकलं तर चालेल हे आधीच ठरवलंय :)

पण चूक फुकट नसते. ६४ प्रोसेसर गुणिले १२५, म्हणजे ८००० पानं, जवळपास ३१ एमबी. एरवी कोण विचारतो? मेमरी संपत आली की मात्र हेच ३१ एमबी गळ्याशी येतात. वही म्हणते शिल्लक आहे, आणि प्रत्यक्षात राखीव साठाही खाऊन झालेला! तो साठा असतो मेमरी मोकळी करण्याच्या कामासाठी. तोच संपला तर मशीन जागच्या जागी फिरत बसू शकतं.

म्हणून २०१० मध्ये, २.६.३६ साठी, लामेटर यांनीच दुरुस्ती केली: मेमरी कमी असेल आणि ती मोकळी करणारा केस्वॅपडी जागा असेल, तर चिटोरेही मोजा. झालं, मोठ्या मशीनवर पुन्हा दारं ठोठवणं आलं! मग २०११ च्या जानेवारीत मेल गोर्मन यांनी तोड काढली. टंचाई आली की चिटोऱ्याची मर्यादाच खाली आणायची, टंचाई सरली की पुन्हा वर. हे २.६.३८ मध्ये आलं.

घरी पोचल्यावर लॅपटॉपवर प्रॉकमधली झोनइन्फो फाइल उघडली. प्रत्येक प्रोसेसरखाली त्याची मर्यादा व्यवस्थित छापलेली असते. आईला दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, "आधी जेवून घे."