वर्षअखेर: दिवाळीपासून ३१ मार्चपर्यंत

महाराष्ट्रात पंचांगाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, पण पेठेतील हिशेबाचे वर्ष बहुधा दिवाळीच्या पाडव्याला बदलत असे. गुजरातेत विक्रम संवत याच दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, सुरू होतो. मुंबईच्या बाजारात गुजराती पेढ्यांचे वजन मोठे, त्यामुळे येण्यादेण्याच्या दृष्टीनेही हेच वर्ष सोयीचे पडे.

दुकानातील वर्षअखेरीची गडबड आश्विन लागला की सुरू होई. उधारीच्या वसुलीला माणसे धाडायची, गोदामातला माल मोजून त्याची किंमत बांधायची, कीर्दीतल्या म्हणजे रोजच्या वहीतल्या नोंदी खतावणीत, खातेवार वहीत, चढल्या की नाहीत ते पाहायचे आणि शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या बाक्यांचा ताळा, जुळवायची. जमा आणि नावे यांत चार आण्यांचा फरक राहिला तरी दिवाणजी रात्र रात्र पाने उलटत बसत. देशी वह्यांत छापील रकाने नसत. लांबट कागदाला घड्या घालून उमटलेल्या रेषांवरच डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहिले जाई. लक्ष्मीपूजनाला लाल कापडाच्या बांधणीची नवी वही पुजली जाई. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहिले जाई, आणि पाडव्यानंतर जुन्या वहीतील बाक्या तिच्यात ओढल्या जात. अधिक मास आला की हे वर्ष तेरा महिन्यांचे होई. त्याचे कोणाला काही वाटत नसे.

सरकारचे वर्ष मात्र वेगळे होते. १८५७च्या उठावाच्या खर्चाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे रुपये मिळवणाराही त्यातून सुटला नाही. हा कर पाच वर्षांत बंद झाला आणि १८८६च्या कायद्याने कायमचा आला. दरम्यान १८६७ पासून सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊ लागले होते. दुकान दिवाळीला बंद होणाऱ्या वर्षावर आणि सरकार मार्चअखेरीवर, अशी ही जोडी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १९२२च्या प्राप्तिकर कायद्याने तर तिला उघड मान्यताच दिली: व्यापारी ज्या तारखेला हिशेब बंद करतो, तेच त्याचे ‘मागील वर्ष’, म्हणजे ज्याच्या उत्पन्नावर कर बसतो ते वर्ष. १९६१च्या कायद्यानेही ही मुभा ठेवली. दिवाळीला वही बंद करणाऱ्याची कर-आकारणी पुढच्या एप्रिलपासूनच्या वर्षात होई, म्हणजे मधले पाचेक महिने उसंत मिळे. छोट्या दुकानदाराला ही उसंत कराच्या सवलतीइतकीच मोलाची होती.

मोठ्या घराण्यांनी या मुभेतून वेगळाच फायदा काढला. एकाच कुटुंबातील निरनिराळ्या पेढ्यांची वर्षे निरनिराळी ठेवली की नफा इकडून तिकडे सरकवता येई आणि कर लांबणीवर टाकता येई. अखेर १९८७च्या दुरुस्तीने सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपेल असे ठरले. हा बदल १९८९-९० या आकारणी वर्षापासून लागू झाला, तेव्हा दिवाळीवाल्यांना १९८७च्या दिवाळीपासून मार्च १९८९पर्यंतचे, सुमारे सतरा महिन्यांचे, एकच वर्ष धरावे लागले. लांबलेल्या वर्षामुळे कराचा बोजा फुगू नये म्हणून कायद्यात खास परिशिष्ट जोडावे लागले.

याच काळात कागदपत्रांचे ओझेही वाढत गेले. चाळीस लाखांवरील उलाढालीला १९८४च्या अर्थ कायद्याने कर-लेखापरीक्षण सक्तीचे झाले होते. लहान व्यावसायिकांसाठी उलट वाट काढण्याचा पहिला प्रयत्न १९९२ मध्ये झाला: उलाढाल पाच लाखांच्या आत आणि उत्पन्न पस्तीस हजारांपर्यंत असेल, तर १,४०० रुपये भरून मोकळे. पुढे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानण्याची पद्धत रुळली. २०१०-११ या आर्थिक वर्षापासून ती बहुतेक लहान व्यवसायांना खुली झाली. नफा आठ टक्के धरला जाऊ लागला, आणि नंतर बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर सहा टक्के. ही पद्धत घेणाऱ्याला सविस्तर वह्यांची सक्ती नाही, मात्र अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरावा लागतो.

त्यामुळे दिवाळीकडे आता वहीपूजन तेवढे उरले आहे. पूजेत पुष्कळदा संगणकही असतो आणि पुजलेल्या वहीत ‘श्री’च्या खाली वर्षभर काहीच लिहिले जात नाही. माल मोजणे, उधारी मिटवणे आणि जीएसटीच्या विवरणपत्रांशी विक्री जुळवणे ही कामे मार्चमध्ये उरकली जातात.